अर्धा फेरा जास्त

"गाडी चालवायला येत नसेल तर तसं सांगा, बाई. माझ्या कामाला नावं ठेवू नका," आमचे हे म्हणाले.

गॅरेजसमोरच्या अंगणात जनावरांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. डोंगरातल्या वस्त्यांवर जायची त्यांची जुनी जीप. मागच्याच आठवड्यात ह्यांनी तिला पॉवर स्टिअरिंगचा दुसरा बॉक्स बसवला होता.

"चालवायला येतं हो," त्या म्हणाल्या. "वळण संपलं की स्टिअरिंग आपसूक सरळ व्हायला हवं. होत नाही. काल कठड्याला घासून आले. आणि आत्ता परत वर जायचंय, गाय अडलीये."

"टायरमधली हवा बघा. नाहीतर पंप."

"हवा बघितली, तेल बदललं. पंप दुसऱ्या मिस्त्रीला दाखवला."

"मग त्याच्याकडेच जायचं होतं."

बाकावरचे दोघे रिकामटेकडे हसले. ह्यांना तेवढंच हवं असतं.

काय झालंय ते मला ठाऊक होतं. त्या बॉक्सवर एक स्क्रू असतो. गिऱ्हाईक उभ्या गाडीचं स्टिअरिंग हलवून बघतं आणि जरा खुळखुळलं की तोंड वाकडं करतं. म्हणून हे तो स्क्रू हवा त्याहून अर्धा फेरा जास्तच आवळतात. अंगणात वा वा होते. रस्त्यावर मात्र स्टिअरिंग वळल्या जागी अडून बसतं. "लोकांना काय कळतंय," असं हे जेवताना म्हणतात आणि मी वाढत राहते. माणूस इतका पोकळ असू शकतो, ह्याचं नवल वाटायचंही आता थांबलंय.

मी देवाचं नाव घेतलं आणि जीपमध्ये चढून बसले.

"हे काय आता?"

"उताराच्या वळणावर एक चक्कर मारून येऊ. मी बसते शेजारी. बाईंची खात्री पटेल."

"मारा की, उस्ताद," बाकावरून आवाज आला. "वहिनींनाही जरा हवा लागेल."

हे ताठ्यात चढले. किल्ली फिरवली, गिअर टाकला आणि तिथेच थांबले.

"तू उतर," खालच्या आवाजात म्हणाले.

"का?"

"उतर म्हटलं ना. मी एकटा जाऊन येतो."

मी समोरच्या काचेतून बघत राहिले. "बाईसुद्धा एकट्याच जातात," मी म्हणाले.

इंजिन नुसतंच धडधडत होतं. मग त्यांनी रिव्हर्स टाकला, जीप गॅरेजात घेतली आणि उतरून शटर पार खाली ओढलं. चारचौघांना समोर बसवल्याशिवाय पान्याला हात न लावणारा माणूस.

आत अंधार झाला. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, मग पाना हातातून पडल्याचा.

"टॉर्च धर जरा," ते म्हणाले.

तेव्हा मी उतरले. टॉर्च धरला. उजेड स्क्रूवर पडेल आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडणार नाही, असा.