मंगलीची खाट

सिनेमा नव्हताच मुळी. नुसता ट्रेलर करायचा होता आणि एक पोस्टर. चंद्रपूरच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या डिप्लोमाला २००३ साली सरांनी हा प्रोजेक्ट दिला: जो सिनेमा कधी निघणारच नाही, त्याची जाहिरात करून दाखवा. भुताचा सिनेमा निवडला पवननं. भुताला हिरो लागत नाही, गाणी लागत नाहीत आणि अंधारात चुकाही झाकल्या जातात, असं त्याचं म्हणणं. पवन बोलण्यात पटाईत, म्हणून आपोआप डायरेक्टर झाला. कॅमेरा नदीमचा, म्हणजे वरोऱ्यात लग्नांची शूटिंग करणाऱ्या त्याच्या काकाचा. पोस्टर तहसीन करणार होती. ती नदीमची चुलत बहीण, म्हणून तर घरच्यांनी तिला बाहेरगावी शूटिंगला जायची मुभा दिली. चौथी रंजीता. तिच्याकडे कॅमेरा नव्हता, कॉम्प्युटर तिला येत नव्हता आणि तोंडही ती फारसं उघडत नव्हती. ग्रुपला चार जण लागतात म्हणून ती होती, एवढंच.

पण पवननं विचारलं, "जंगल कुठी भेटन बे?" आणि तिघांच्याही माना एकदम तिच्याकडे वळल्या. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्यावाचून कोणाचं तरी अडलं होतं. पोरगी हरखली. मुलचेऱ्याच्या पलीकडच्या आपल्या गावाबद्दल ती हॉस्टेलवर कधी अवाक्षर काढत नसे, कारण काढलं की पोरी विचारायच्या, तुमच्यात अजून जादूटोणा चालतो का गं? आता मात्र तीच म्हणाली, "माह्या गावाले चला."

"घरी कोण कोण असते?" तहसीननं विचारलं.

"बा आहे. माय मामाकडं गेली हाय."

माय गेली होती हे खरं, पण मामाकडं नाही. तिची माय, मंगली, भर पावसाळ्यात तापानं गेली होती. माय आजारी आहे असा निरोप हॉस्टेलवर आला तेव्हा दुसऱ्या दिवशी रंजीताचा पेपर होता. ताप तर दर पावसाळ्यात येतो, असं मनाशी म्हणून तिनं पेपर दिला. निघाली तोवर आष्टीच्या पुढचा रस्ता पुरानं बंद झाला होता. ती घरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं आणि बाप, कोलू, ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. त्यानं तिला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

परत आल्यावर तिनं हे कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग तू गेली कशी नाहीस? तो प्रश्न टाळायला तिनं मायलाच मामाकडं धाडून दिलं. एक खोटं पचलं की दुसरं आपोआप सुचतं.

दिवाळी झाल्यावर चौघं भल्या पहाटे नदीमच्या काकाच्या व्हॅननं निघाले. कोलूनं पोरांना पाहून अंगण झाडून घेतलं आणि कोंबडी कापू का म्हणून विचारलं. नदीम म्हणाला, "नाई काका, डाळभात बस आहे." जेवताना तहसीन त्याच्याशी खूप बोलली. "आमचा सिनेमा दाखवतीन तवा तुमीबी या, काका. मी निरोप धाडतो," ती म्हणाली. कोलू नुसता हसला. बायको कुठं आहे हे कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. रंजीताचा जीव मात्र सगळा वेळ टांगणीला लागला होता.

शूटिंग नाल्याच्या अलीकडं मोहाच्या झाडांत करायची, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. पलीकडं जायचं नाही, हे तिनं सांगायला हवं होतं. पण मग का जायचं नाही, हेही सांगावं लागलं असतं. पलीकडं गावाची गेलेली माणसं होती. तिच्या गावात माणूस गेलं की ज्या खाटेवरून त्याला नेतात ती खाट तिथंच उलटी करून ठेवतात, पाय आभाळाकडं. त्याचं भांडं ठेवतात, कपडा झाडाला बांधतात. खाट उलटी अशासाठी, की गेलेल्यानं परत येऊन तिच्यावर बसू नये, पुढच्या वाटेला लागावं. घरच्यांनी मग तिकडं फिरकायचं नाही. रंजीतानं ती जागा पाहिलीही नव्हती.

दोन तास मोहाखाली खटपट करून काही जमेना. नदीम चांगल्या जागेच्या शोधात कॅमेरा घेऊन नाला ओलांडून गेला आणि थोड्या वेळानं तिकडून ओरडला, "अबे, इकडं या लवकर! पूरा सेट लागून आहे इथी!"

पवन धावला, तहसीन धावली. रंजीता सर्वांत मागून पोचली. पाचोळ्यात एक खाट उलटी पडली होती. शेजारी भोक पाडलेलं मडकं होतं. वरच्या फांदीला हिरवी साडी बांधली होती, पिवळ्या काठाची. उन्हापावसानं विटली होती, तरी तिनं ती ओळखली. स्कॉलरशिप आली तेव्हा गोल बाजारातून तिनंच घेतली होती ती. खाटेचा एक पाय नव्या लाकडाचा होता. जुना मोडला तेव्हा बापानं तो तासून बसवला होता आणि माय त्यावरून महिनाभर त्याची थट्टा करत होती.

"काय हाय गं हे?" पवननं विचारलं. "कोणाचं हाय?"

तीन जोडी डोळे पुन्हा तिच्याकडं वळले. माझ्या मायचं, हे दोन शब्द होते. ते तिच्या तोंडातून निघाले नाहीत.

"काई नाई," ती म्हणाली. "कोणाचं तरी असन."

झालं. पवननं आणि नदीमनं खाट उचलून सरळ केली. साडी सोडली. भूत कोण होणार हा प्रश्नच नव्हता, तहसीनला कॅमेऱ्यासमोर यायची घरून मनाई होती. "रंजीता, बस तू हिच्यावर. पदर तोंडावरून घे. मी म्हणीन तवा रडाचं," पवन म्हणाला.

तिनं नाही म्हणायला हवं होतं, हे खरं. पण साडी हातात आली आणि तिच्यानं ती सोडवेना. ती मायच्या खाटेवर बसली आणि मायची साडी तिनं डोक्यावरून ओढून घेतली. आतून तिनं वास घेतला. चुलीच्या धुराचा, तंबाखूचा, मायच्या अंगाचा काहीतरी वास उरला असेल असं तिला वाटलं होतं. नुसता ओल्या मातीचा वास होता. मग पवननं रड म्हणायच्या आधीच ती रडायला लागली. पावसाळ्यात घरी पोचली तेव्हा जे आलं नव्हतं ते रडणं आता आलं, उमाळ्यावर उमाळा, तोंडातून गुरासारखा हंबरडा. पवन कट म्हणायचं विसरून गेला.

"बापरे! एकदम ओरिजिनल," नदीम हळूच म्हणाला. तहसीननं तिला पाणी दिलं आणि तिच्या डोळ्यांकडं जरा वेळ पाहिलं, पण विचारलं नाही.

उजेड कमी व्हायला लागला तशी आवराआवर सुरू झाली. साडी रंजीतानं स्वतःच्या हातानं फांदीला बांधली. खाट तशीच सरळ उभी राहिली. ती उलटी करायची असते, हे तिला माहीत होतं. पण आपल्याला माहीत आहे, हे या तिघांसमोर दाखवायचं कसं? नाल्यापाशी तिनं एकदा मागं वळून पाहिलं आणि मग ती पवनच्या मागोमाग चालू लागली.

फेब्रुवारीत कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्या ग्रुपांचे ट्रेलर दाखवले. यांचा लागला आणि ते रडणं सुरू झालं तशा पुढच्या बाकावरच्या पोरी एकमेकींना बिलगल्या. मागून शिट्ट्या आल्या. सरांनी विचारलं, आवाज कुठून आणला? पवननं रंजीताला हाताला धरून उभं केलं आणि सगळा हॉल तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागला. ज्या टाळ्यांची वर्षभर आस धरली त्या अशा मिळाल्या. तिनं हात सोडवून घेतला. ती बाहेर व्हरांड्यात गेली.

व्हरांड्यात पोस्टर लावलं होतं. मोहाच्या फांद्या, निळी सांज, खाटेवर तोंड झाकून बसलेली हिरव्या साडीतली बाई, आणि वर लाल अक्षरांत सिनेमाचं नाव. पोस्टरसमोर कोलू उभा होता. खांद्यावर तांदळाचं गाठोडं होतं आणि अंगावर बाजाराच्या दिवशी घालायचा सदरा होता.

"सरप्राइज!" मागून येत तहसीन म्हणाली. "मीनं मुलचेऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला होता. पाय ना, काका आले!" तिच्या मागं पवन आणि नदीमही आले.

कोलूनं मान वळवली नाही. लेकीशी तो नेहमी घरच्या माडिया बोलीतच बोले. आज मात्र बाजूला पोरं होती, त्यांनाही समजावं म्हणून तो बाजारातल्या मराठीत बोलला. माणूस कुठंही गेला तरी चारचौघांत बोलायची रीत सोडत नाही.

"खाट सरळ कोणं केली?"

या वेळी मात्र रंजीतानं दुसऱ्या कोणावर ढकललं नाही.

"आमी, बा. शूटिंगसाठी. हे बसून आहे ते मीच होय." मग ती तिघांकडं वळली. "ते खाट माह्या मायची होती. माय मामाकडं नाई गेली. माय मेली."

तहसीननं तोंडावर हात ठेवला. रंजीताला वाटलं, आता बा ओरडेल, आता तरी दोन थपडा देईल. तिला त्या हव्याच होत्या.

कोलूनं गाठोडं खाली ठेवलं. पोस्टरवरच्या खाटेच्या नव्या पायाला त्यानं बोट लावून पाहिलं.

"दिवाळीच्या मागून मी गेलतो तिकडं," तो म्हणाला. "जाचं नसते, पर गेलो. पायतो तं खाट सरळ. मले वाटलं, तुही माय सोताच उठली. तिले तिथं करमलं नाई."

"बा..."

"मीनं उलटी नाई केली. रीत आहे, पर नाई केली. तवापासून रोज सांजच्याले भात नेऊन ठेवतो. बसतो जराकसा. तुह्या गोष्टी सांगतो तिले. सकाळी पायतो तं भात सरलेला राहे." पोस्टरवरच्या बाईकडं त्यानं पुन्हा एकदा पाहिलं, या वेळी नीट, आणि लेकीला ओळखलं. "कावळे असतीन," तो म्हणाला.

रंजीता त्याच्या पायाशी बसली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. हॉलमध्ये दुसऱ्या ग्रुपचा ट्रेलर सुरू झाला होता. मग तो बोलला, आता घरच्या भाषेत, फक्त तिच्यापुरतं.

"आज माझ्यासोबत चल. खाट तू उलटी कर. माझ्यानं होणार नाही."