खिलार बीएमडब्ल्यू

मी बीएमडब्ल्यू बोलतेय. दचकू नका, हॉर्न वाजवणार नाही. वयोमानानं तो जरा घोगरा झालाय. शिरूरला नागसेनच्या दारात, लिंबाखाली उभी असते ती रुपेरी गाडी मीच. कागदावर माझा मालक नागसेन आहे. पण तू कुणाची, असं मला कुणी विचारलं तर मी सोजरबाईंचं नाव सांगेन. ते का, हे सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझं कूळ जर्मनीचं, पण जन्म चेन्नईजवळचा. सुटे भाग जहाजातून आले आणि तिथल्या पोरापोरींनी हसतखेळत मला जोडलं. इथले खड्डे आणि गतिरोधक ओळखून असलेल्या कुणीतरी मला जमिनीपासून जरा उचलूनच बांधलं होतं. तेव्हा मला त्याचा भारी राग यायचा. परदेशातल्या माझ्या बहिणी कशा जमिनीला चिकटून ऐटीत पळतात, आणि मी मात्र पदर खोचून ओढ्यातून निघालेल्या बाईसारखी! आता त्याच माणसाचे आभार कसे मानू, ते कळत नाही.

माझी पहिली मालकीण अनुपमाताई. पुण्यात त्यांचं हिशेब तपासनिसाचं ऑफिस होतं. त्या स्वतः मला चालवायच्या, सिग्नलला थांबल्या की स्टीअरिंगवर बोटांनी ताल धरायच्या, आणि सर्व्हिसिंगची तारीख कधी चुकवायच्या नाहीत. माझ्या अंगात आज जी काही धुगधुगी आहे ती त्यांच्या त्या शिस्तीची.

मग मी शिक्रापूरकडच्या सत्यजीतशेठकडे गेले. त्यांचा प्लॉट विकण्याचा धंदा होता. त्यांनी मागच्या काचेवर स्वतःचं नाव एवढं मोठं लावलं की मागचं काही दिसेना. दर शनिवारी नवं लिंबू-मिरची. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गाडीपेक्षा गाडीतून उतरणं जास्त आवडायचं. पुढं त्याच्याकडे मोठी गाडी आली आणि माझी रवानगी पोल्ट्रीच्या शेडमध्ये झाली. तिथं फुटक्या काचेतून एक कोंबडी आत यायची आणि मागच्या सीटवर अंडी घालायची. मला तिचा राग आला नाही. तेवढीच सोबत होती.

शेवटी दौंडच्या दत्ताशेठनं मला उचललं. जुन्या गाड्या घ्यायच्या, पुसूनपासून विकायच्या, हे त्याचं काम. काच बदलली, नावाचा स्टिकर खरवडला आणि मला एका काळ्या गाडीशेजारी उभं केलं. ती होती आमच्याच घराण्यातली, पण थेट इंग्लंडहून आलेली. तिकडून कायमचं परत आलेल्या कुणीतरी सोबत आणली होती. काळी कुळकुळीत, बुटकी, रुंद. तिच्या सीट बटण दाबलं की गरम व्हायच्या. दौंडच्या उन्हात! पण गिऱ्हाईक ते ऐकूनच खूश व्हायचं.

जुनी गाडी बघायला येणाऱ्या माणसांची मला मोठी मौज वाटते. कुणी टायरला लाथ मारतं. कुणी दार आपटून आवाज ऐकतं आणि समजल्यासारखी मान डोलावतं. ज्याला घ्यायची नसते तोच फोटो जास्त काढतो. आणि दहातले नऊ जण विचारतात, "ॲव्हरेज काय देती?" एकानं तर काळीचा आकडा बघून उडीच मारली, गाडी किती कमी पळलीय म्हणून. तो आकडा मैलांचा होता, हे दत्ताशेठनं त्याला सांगितलं नाही. मला शेजारणीची दया आली. कौतुक व्हावं आणि तेही खोट्या हिशेबावर!

आणि एक दिवस नागसेन आला. रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला असणारा, हाताला ग्रीसचा वास असलेला माणूस. शिकाऊ असताना गेटवर साहेबांच्या गाड्या बघत उभा राहायचा, तेव्हापासून त्याच्या मनात बीएमडब्ल्यू होती. नव्या लहान गाडीच्या पैशात जुनी मोठी येते, हे कळल्यावर त्याला घरात बसवेना. पण त्याला एक कारणही होतं, आणि ते खरं होतं.

त्याची आई सोजरबाई. तिचे गुडघे गेले होते. एकदा बसली की उठवायला माणूस लागायचं, म्हणून नागसेनच्या वडिलांनी, मच्छिंद्रआबांनी, तिच्या बाजेच्या पायांखाली विटा लावून बाज उंच केली होती. तिथून मात्र ती आपली आपण उठायची. तिची थोरली बहीण हौसाक्का भीमेकाठी वडगाव रासाईला. अक्काचा नवरा वारला तेव्हा सोजरबाईला न्यायला भाड्याची जीप आणली, दोघांनी धरून तिला वर चढवायला गेले, आणि ती भर आळीत ओरडली, "मला पोत्यावानी उचलू नगा!" ती घरात गेली ती गेलीच. बहिणीच्या दुःखाला जाता आलं नाही, हे तिच्या जिवाला लागून राहिलं. व्हिडिओ कॉल व्हायचे, पण अक्का फोन असा धरायची की तिचं नुसतं कपाळ दिसायचं. "आई, तुला बीएमडब्लूतून मावशीकडं नेतो," असा शब्द नागसेननं दिला होता.

सोबत त्याचा कंपनीतला दोस्त सतीश होता, आणि आबा होते. आबा एके काळचे नावाजलेले हेडी, म्हणजे बैलांचे दलाल. काष्टीच्या बाजारात बैलांची खरेदी-विक्री त्यांच्या शब्दावर व्हायची. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि आबांना काही विचारायला कुणी येईना. नागसेननं त्यांना आणलं ते मानानं.

नागसेननं काम चोख केलं. आधी बॉनेटला तळहात लावला, दत्ताशेठनं गाडी आधीच गरम करून ठेवलीय का ते बघायला. स्कॅनर जोडला, तेलाची कांडी हुंगली. काळीखाली आडवा होऊन बॅटरी मारली. तिकडच्या बर्फाच्या रस्त्यांवर मीठ टाकतात म्हणे. त्या मिठानं तिच्या पोटाखाली गंज धरला होता. नागसेननं तो बघितला. पण तिच्याकडे बघून त्याचं मन असं पाघळलं होतं की गंजसुद्धा त्याला गोड लागत होता.

"दोन्हीत हीच," तो सतीशला म्हणाला. "इंपोर्टेड म्हंजी इंपोर्टेड."

आबा तोवर काळीत बसले होते. बसले कसले, बुडाले. बाहेर यायला त्यांना दाराच्या दोन्ही कडा धराव्या लागल्या. मग ते माझ्याकडे आले. पुढच्या डाव्या सीटवर बसले. पाय बाहेर काढले, दाराला हात दिला, उठले. पुन्हा बसले. आता त्यांनी एक हात गुडघ्यावर ठेवला, ओठ दाबले, डोळे बारीक केले, आणि अगदी सावकाश उठले. ते उठणं त्यांचं नव्हतं. घरातल्या कुणाचं तरी रोज बघून पाठ झालेलं होतं. मग खाली बसून त्यांनी जमिनीपासून माझ्या सीटपर्यंत विती घातल्या, ओठ हलवत.

दत्ताशेठ हसला. "मामा, दात बगताय का वशिंड?"

"ही घे," आबा नागसेनला म्हणाले.

"आबा, ती बाहेरची हाय. ही काय, चेन्नईची."

"बाहेरची म्हंजी जर्सी. दिसाया गुबगुबीत, आन् आपल्या उन्हात धापा टाकील. ही खिलार हाय. हितल्या वाटंची."

सगळं यार्ड हसलं. सतीशनं तोंड फिरवलं. नागसेन कानापर्यंत लाल झाला, पण चारचौघांत बापाचा शब्द खाली पाडणारा तो नव्हता. काळीकडे वळून वळून बघत त्यानं मला घेतलं. विती कशासाठी घातल्या, हे आबांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. मला मात्र तेव्हाच कळलं होतं. माझ्या आयुष्यात असं कुणी मला निवडलं नव्हतं.

आणि बघा नशीब! शिरूरला घरी निघालो, चौफुला गेलं, केडगाव गेलं, आणि पारगावच्या पुलाच्या अलीकडे माझ्या नाकातोंडातून वाफ निघाली. मी फार दिवस नुसती उभी राहिल्यानं पाण्याचा एक पाइप कडक होऊन चिरला होता. बनवणाऱ्याचा यात दोष नाही; उभं राहून कुणाचंही असंच होतं. मी शरमेनं अर्धी झाले. माझं काय, मला सवय होती. पण आबांचा शब्द माझ्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभा होता.

"घ्या तुमची खिलार," नागसेन एवढंच म्हणाला आणि लांब जाऊन उभा राहिला. सतीशनं फोनवर ही बातमी आम्ही पोचायच्या आत शिरूरला पोचवली.

आबा माझ्याजवळ आले. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा तापलेला होता तरी काढला नाही. "ऊठ बाई," ते हळूच म्हणाले. "तिला न्यायचंय."

पाइप पुण्याला दुसऱ्याच दिवशी मिळाला. माझ्यासारख्या इकडं पुष्कळ विकल्या गेल्यात, म्हणून. काळीचा असता तर मागवून वाट बघावी लागली असती, असं दुकानदार म्हणाला. नागसेननं स्वतःच्या हातानं तो बसवला, पण घरी कुणाशी धड बोलला नाही. आळीत पोरं मला बघून बैल हाकावा तसं "हुर्रर्र" करायची. आबा ओट्यावर गप्प बसून राहायचे. विती कशासाठी घातल्या, एवढं एक वाक्य बोलले असते तर भागलं असतं, पण बोलले नाहीत.

रविवार आला. सोजरबाई नवं लुगडं नेसून दारात आली. नागसेनची बायको करुणा धरायला पुढं झाली. "ऱ्हाऊ दे गं," म्हणत सोजरबाई पाठमोरी झाली आणि माझ्या सीटवर टेकली. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत ती दाराची मूठ घट्ट धरून होती. मी खड्डे असे जपून घेतले, जसे अनुपमाताईंच्या वेळीही कधी घेतले नव्हते.

वडगावला अक्काच्या अंगणात मी थांबले. नागसेन धावत दार उघडायला आला, पण दार आधीच उघडलं होतं. सोजरबाईनं पाय बाहेर काढले. एक हात दाराला, एक गुडघ्यावर. ओठ दाबले. आणि उठली. एकटी. मला तेव्हा वाटलं, चेन्नईला मला उचलून बांधलं ते याच एका क्षणासाठी.

"आगं बया," ती म्हणाली, "ही तर आपल्या बाजंयेवढीच उच हाय की!"

नागसेन जागीच थांबला. त्यानं आधी माझी सीट बघितली, मग आबांचा हात. त्याला यार्डातल्या त्या विती आठवल्या असणार. त्यानं माझं सगळं तपासलं होतं, फक्त आईला मनात धरून तपासलं नव्हतं.

"आबा," तो म्हणाला, "तितंच का न्हाई सांगितलं? मी काय काय बोललो तुमाला."

आबांनी इकडं तिकडं बघितलं. "येडा का खुळा तू? बाजारात चार लोकांत बायकूच्या गुडघ्याचं काढत्यात व्हय?"

नागसेननं वाकून आबांच्या पायांना हात लावला आणि रुमाल काढून माझी काच पुसू लागला. काच स्वच्छ होती.

आता माझं वय झालंय. एसी कधी चालतो, कधी रुसतो. आळीतली पोरं अजून मला खिलारच म्हणतात, आणि मला ते नाव माझ्या नाकावरच्या निळ्या-पांढऱ्या चक्रापेक्षा जास्त आवडतं. तुम्ही कधी जुनी गाडी बघायला गेलात तर स्कॅनर न्या, पोटाखालचा गंज बघा, मैल आणि किलोमीटर नीट वाचा. इथली असो की बाहेरची, आमच्यात वाईट कुणी नसतं. फक्त तिच्यात कोण बसणार आहे, त्या माणसाला मनात घेऊन जा, एवढं माझं मागणं.

त्या रविवारचं एक राहिलंच. जेवणं झाल्यावर दोघी बहिणी अंगणात आल्या. अक्कालाही खाली बसवत नव्हतं. मग सोजरबाई आपल्या जागेवर बसली आणि अक्का दुसऱ्या बाजूनं, थेट स्टीअरिंगपुढं. दोन्ही दारं उघडी, नदीकडचा वारा. किती वेळ त्या बोलत होत्या, रडत होत्या, मधूनच हसत होत्या. फोनवर नुसतं कपाळ दिसणारी अक्का आता अख्खी दिसत होती. शेवटी तिनं डोळे पुसले, पदर सावरला आणि दोन्ही हातांनी माझं स्टीअरिंग धरलं.

"कुठं निगालीस गं अक्का?" सोजरबाईनं विचारलं.

"बस नीट," अक्का म्हणाली. "म्हायेरी जाऊ."

किल्ली नागसेनच्या खिशात होती. तरी मी निघाले होते.