उकळेबाबांचा पेला

गोठ्याच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसली होती, वैरणीच्या गंजीवर चढली होती, हौदाच्या कडेला बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे एका काचेच्या पेल्यावर खिळलेले. पेल्यात पाणी, अगदी नितळ. पेल्यामागे उकळेबाबा, तितकेसे नितळ नसलेले.

"शास्त्रज्ञांना रक्तात काय दिसतं?" बाबांनी विचारलं. "लाल पेशी, पांढऱ्या पेशी. संपलं! काळी पेशी कुणी पाहिलीय?"

कुणीच पाहिली नव्हती, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

"ती फक्त या मंतरलेल्या पाण्याला दिसते. मत्सराची पेशी! ती ज्या रक्तात असेल किंवा ज्या रक्ताला तिची बाधा झाली असेल, ते रक्त इथं उकळतं. विस्तवाशिवाय!"

बाबांच्या चेल्यानं गाभडलेल्या गाईचं रक्त सुईनं काढलं आणि दोन थेंब पेल्यात सोडले. फस्सकन फेस उसळला, काठावरून ओघळून टेबलावर सांडला. हौदाकडच्या बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं. मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला. हा सगळा गोठा त्यांचा. नवरा गेल्यावर दोन गाईंवरून त्यांनी तो दावणभर केला होता, आणि आता त्यातली एकेक गाय महिने भरायच्या आत वासरू टाकत होती.

"आता घरातली माणसं," बाबा म्हणाले.

चेला पेला घेऊन बाबांच्या गाडीपाशी गेला, धुऊन, ताजं पाणी भरून आला. मालकीणबाईंचं बोट टोचलं. थेंब पाण्यात पडला, लाल धाग्यासारखा खाली गेला आणि विरून गेला. ना फेस, ना बुडबुडा.

"निर्मळ!" बाबा गरजले. मालकीणबाईंच्या मुलाचंही रक्त निर्मळ निघालं. चेला पुन्हा गाडीपाशी जाऊन आला. मग सुनेला पुढे बोलावलं.

सून पुढे आली तीच खांबाला धरून. तिच्या रक्ताचा थेंब पडताच पेला असा उसळला की चेल्यानं हात मागे घेतला.

"हिची कूस रिकामी झाली ना?" बाबांनी शांतपणे विचारलं.

"पाचव्या महिन्यात," मालकीणबाई पुटपुटल्या.

"मग मला कशाला बोलावलंत? जिची स्वतःची कूस रिकामी, तिला दुसऱ्याची भरलेली कशी बघवेल? मुक्या गाईंची का असेना!"

आता खरी गोष्ट अशी की पहिली गाय गाभडली तेव्हा सून पोटुशी होती आणि चांगली ठणठणीत होती. त्या गाईची वार, वासरामागून पडते ती, तिनंच गोळा केली होती. तिचं बाळ गेलं ते त्यानंतर. म्हणजे आधी काय झालं आणि नंतर काय, हे त्या अंगणातल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं. पण फेस डोळ्यांसमोर होता, आणि फेसापुढे आठवण कोण काढतो?

बाबांनी निवाडा दिला. दोष निघेपर्यंत सुनेनं गोठ्यात निजायचं. गाभडलेली वासरं, वार, घाण सगळं तिनंच उचलायचं, तेही उघड्या हातांनी. "हातांना किळस आली की डोळ्यांतला मत्सर जातो," असं त्यांचं शास्त्र. शिवाय त्यांची पांढरी गाय गोठ्यात आधीपासून बांधलेली होतीच. बाबा ही गाय गोठ्या-गोठ्यांतून पाठवत. ती म्हणे घराची नजर शोषून घेते.

"आई, मला रोज संध्याकाळी ताप भरतो," सून सासूला म्हणाली. "सांधे धरतात. मला उचलवत नाही."

"भरणारच. दोष बाहेर पडतोय."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलेच्या टोकानं माती उकरत होता. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "आई म्हणते तसं कर."

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका गोठ्यावरून जाताना पोरांना पदराआड घेऊ लागल्या. किराणा दुकानदार सुनेच्या हातून पिशवी घेईना. लांबून फेकायला सांगायचा. मालकीणबाई तिचं ताट उंबऱ्यावर सरकवायच्या. मनात कधी कालवाकालव झालीच तर त्यांना तो उसळलेला पेला आठवायचा, आणि स्वतःचं निर्मळ रक्तही. दुसऱ्या आठवणीनं जास्त बरं वाटायचं.

गाई मात्र गाभडतच राहिल्या. मग डेअरीनं निरोप धाडला: रक्ततपासणी झाल्याशिवाय या गोठ्याचं दूध घेणार नाही. आणि शहरातल्या पशुरोग संशोधन केंद्रातून एक डॉक्टर आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, घसा बसलेला, वागणं तुटक. गोठ्यात शिरल्या आणि जागच्या जागी ओरडल्या,

"ए, टाक ते खाली! हात धू! साबणानं, कोपरापर्यंत!"

सून हातात वार धरून तशीच उभी राहिली. तिच्यावर कुणी ओरडावं यात तिला नवीन काही नव्हतं. पण हात धुवायला सांगणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटत होतं.

"तिला तसंच उचलायचंय. बाबांनी सांगितलंय," मालकीणबाई म्हणाल्या.

"कुठल्या कॉलेजातून पास झालेत बाबा?" डॉक्टरांनी सुनेच्या कपाळाला हात लावला. "ताप कधीपासून येतो?"

सुनेनं सांगितलं. बाळाचंही सांगितलं, आणि गाडीपाशी भरून येणाऱ्या पेल्याचंही. डॉक्टरांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी एकेका गाईच्या मानेतून रक्त घेतलं आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सला बोलावून गोठ्यात काम करणाऱ्या सगळ्या माणसांचंही घ्यायला लावलं. शेवटी त्या पांढऱ्या गाईपाशी थांबल्या.

"ही कुठली?"

"बाबांची," मालकीणबाई अभिमानानं म्हणाल्या. "आधी सुताराच्या गोठ्यात होती, मग शाळेमागच्या गोठ्यात, मग आमच्याकडे आली. भाग्य लागतं."

"त्या दोन्ही गोठ्यांतल्या गाई गाभडल्यात. ही तिथं जायच्या आधी की नंतर?"

"तुम्ही रक्त काढायला आलात की उलटतपासणी घ्यायला?"

"रक्त काढायला," डॉक्टर म्हणाल्या आणि पांढऱ्या गाईच्या मानेत सुई घातली.

डॉक्टर परत आल्या त्या दिवशी बाबांनी शुद्धीचा कार्यक्रम ठेवला होता. अंगण पुन्हा तुडुंब. सून गोठ्याच्या दाराशी बसलेली, मांडीवर सोललेले हात. डॉक्टरांनी बर्फाची पेटी उघडली आणि एक पांढरी फरशी टेबलावर मांडली.

"रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं," त्या गर्दीला म्हणाल्या. "गाईंना गाभडवणारा एक जंतू असतो. तो अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायचं सामान तयार करतं. ते सामान या पाण्यात सापडतं. माझ्या बाटलीत तेच जंतू आहेत, मारलेले आणि गुलाबी रंगवलेले. दोन्ही थेंब एकत्र केले की आजारी रक्तात गुठळ्या होतात. निरोगी रक्तात होत नाहीत."

"आम्ही वेगळं काय सांगतो?" बाबा हसले. "रक्त बोलतं!"

"बोलतं. पण आपण त्याच्या तोंडात शब्द घालू नयेत."

केंद्रात पाळलेल्या निरोगी गाईचा थेंब त्यांनी आधी लावला. तो गुलाबी, गुळगुळीत राहिला. मग या गोठ्यातल्या गाईंचे. फरशी हलवता हलवता थेंब फाटू लागले, दाणेदार होऊ लागले. एक, दुसरी, चौथी. मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण यांना आजार लागला कुणामुळे?" त्या एकदम म्हणाल्या. "हिचं रक्त लावा! सगळ्यांसमोर लावा, म्हणजे दोष कुणात आहे ते कळेल!"

"माणसाची तपासणी चारचौघांत करत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

"लावा," दारातून सून म्हणाली. "आता काय लपवायचं राहिलंय?"

सुनेचा थेंब पडला. थोड्या वेळात त्यातही गुठळ्या झाल्या.

अंगण खदखदलं. "अवदसा!" कुणीतरी ओरडलं. हौदाच्या बाजूनं एक ढेकूळ आलं आणि सुनेच्या खांद्यावर फुटलं. बाबा उभे राहिले. "मी काय सांगत होतो? सरकारी फरशीसुद्धा तेच सांगतेय! चेल्या, पेला आण. होऊन जाऊ दे!"

चेल्यानं गाडीतून भरलेला पेला आणला. डॉक्टरांनी तो आधी स्वतःकडे ओढला.

"हा आता परत गाडीकडे जायचा नाही," त्या म्हणाल्या. "मालकीणबाई, घरात बटाटा आहे?"

लोकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. बटाटा आला. डॉक्टरांनी कच्ची चकती कापून पेल्यात टाकली. चकतीभोवती बुडबुडे फुटले आणि पांढरा फेस चढू लागला.

"का हो बाबा, बटाट्याला कुणाचा मत्सर? कांद्याचा?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा काही बोलणार इतक्यात मालकीणबाई पुढे झाल्या. त्यांनी डॉक्टरांसोबत आलेल्या नर्सकडची सुई मागून घेतली, स्वतःचं बोट टोचलं आणि पेल्यावर धरलं. निर्मळ रक्त होतं त्यांचं. सगळ्या गावानं पाहिलं होतं.

फस्सकन फेस उसळला आणि त्यांच्या मनगटावरून ओघळला.

"हे हायड्रोजन पेरॉक्साइड," डॉक्टर म्हणाल्या. "जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं. कुठल्याही रक्तात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, कच्च्या बटाट्यातही असतं. ते या पाण्यातला ऑक्सिजन मोकळा करतं, त्याचा हा फेस. तुमच्या वेळी पेल्यात नळाचं पाणी होतं, सुनेच्या वेळी हे. एवढाच मंत्र. बाबा, तुमचं बोट द्या बघू."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आता फरशीकडे बघा," डॉक्टर म्हणाल्या. "मालकीणबाई, तुमचाही थेंब लावायचा का? गुडघे दुखतात ना? संध्याकाळी कणकण येते ना?"

"वयानं," मालकीणबाई कशाबशा म्हणाल्या. पण त्यांनी होकाराची मान डोलावली.

त्यांचा थेंब सुनेच्या थेंबाशेजारी पडला. दोन्ही थेंबांत सारख्याच गुठळ्या झाल्या. आणि मग डॉक्टरांनी शेवटची नळी काढली. तिचा थेंब गुलाबी बाटलीतल्या थेंबाला लागतो न लागतो तोच फाटला, दुरूनही दिसावं असा.

"ही बाबांची पांढरी गाय. हा जंतू वारेतून, टाकलेल्या वासरातून, अंगावरच्या स्रावातून पसरतो. ही ज्या गोठ्यात बांधली, तिथं ही आल्यानंतरच गाई गाभडायला लागल्या. सुताराकडे, शाळेमागे, इथं. इथून तो या मुलीच्या हातांवाटे तिच्या रक्तात गेला, आणि बहुतेक तिचं बाळही त्यातच गेलं. तिच्यामुळे गाई गाभडल्या नाहीत. गाईंमुळे ही गाभ–" त्या थांबल्या. "माणसाच्या बाबतीत तो शब्द वापरू नये. पण तुम्ही तिला माणसात ठेवलंय कुठं?"

मग ज्या हातानं ढेकूळ फेकलं होतं त्याच हातानं काठी उचलली आणि गर्दी बाबांवर धावली. चेल्याचं डोकं फुटलं, बाबांचा चष्मा पायदळी गेला. डॉक्टर मध्ये पडल्या म्हणून दोघं गाडीत शिरून जीव घेऊन पळाले. गाय मागेच राहिली. ती शांतपणे रवंथ करत होती. तिला बिचारीला यातलं काय ठाऊक?

या रोगाचा गाईवर इलाज करत नाहीत; रोगट गाई गोठ्यातून कायमच्या काढाव्या लागतात. सरकारी गाडी आली आणि गुठळ्यांवाल्या सगळ्या गाई घेऊन गेली, पांढरीसकट. मालकीणबाईंनी हातानं वाढवलेल्या गाई फळीवरून चढेनात. त्यांना शेपट्या पिळून चढवलं. गाडी वळल्यावर मालकीणबाई घरात आल्या. आतल्या खोलीत सून पिशवी भरत होती.

"चुकलं माझं," त्या दारातूनच म्हणाल्या. "त्या पेल्यानं मला फसवलं गं."

सुनेनं साडीची घडी पुरी केली. "पेल्यानं तुम्हाला एकदा फसवलं, आई. मी रोज तापानं फणफणत तुमच्यासमोरून जात होते. ते बघायला कुठली तपासणी लागत होती?"

मुलगा लगबगीनं पुढे झाला आणि पिशवीला हात घातला.

"राहू दे," सून म्हणाली. "मला उचलता येतं. तुमच्या घरात मी बरंच काही उचललंय."

ती माहेरी गेली. कित्येक आठवडे गोळ्या घेऊन बरी झाली आणि परत आली नाही. त्याच गोळ्या मालकीणबाईंनीही घेतल्या. ताप गेला. दावणीशी आता तीन गाई उभ्या असतात आणि मालकीणबाई हातमोजे घालून त्यांची धार काढतात.

उकळेबाबा संपले असं समजू नका. पेरॉक्साइड स्वस्त आहे, आणि अडचणीत सापडलेली घरंही ठिकठिकाणी आहेत. उद्या असा पेला तुमच्या अंगणात आला तर बाबांशी वाद घालू नका. पेला मात्र हातचा सोडू नका. ज्या पाण्यात दुसऱ्याचं रक्त उकळलं, त्याच पाण्यात बाबांचं बोट बुडवायला सांगा. आणि कुणा बाईकडे बोट दाखवून कुणी म्हणालं, 'हिच्यामुळे झालं,' तर विचारा: आधी काय घडलं आणि नंतर काय? हे विचारायला ना फरशी लागते, ना गुलाबी थेंब, ना कॉलेज. त्या सकाळी अंगण भरून माणसं होती. विचारलं एकानंही नाही.