दुखेल का, अंगठीला विचारा

मित्रांनो, मी एक अंगठी आहे, पण माझ्यावर हिरा नाही. हिऱ्याच्या जागी मला स्पंज आहे. हे ऐकून तुम्हाला माझी कीव आली असेल, तर ती थोडा वेळ राखून ठेवा. पुढे लागेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका यंत्राने पोलादाच्या पट्टीवर जोरात पाय आपटला आणि मी, माझ्या बहिणी आणि एक वाकडा चमचा असे आम्ही एकदमच जगात आलो. चमचा आमच्यात कसा आला हे कुणालाच कळलं नाही. आम्हीही विषय काढला नाही. मग माझ्या डोक्यावर एक इवलीशी वाटी बसवली, वाटीच्या शेजारी एक खळगा ठेवला आणि कडेला मिलिमीटरच्या रेघा कोरल्या. म्हणजे मी अंगठी आहे, वाटी आहे आणि मोजपट्टीही आहे. एकाच्याच गळ्यात सगळी कामं अडकवायची पद्धत फक्त तुमच्या घरात आहे असं समजू नका.

मी दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. किडलेल्या दाताच्या मुळात उतरून साफसफाई करायला केसासारख्या बारीक कानशी लागतात. त्या माझ्या वाटीतल्या स्पंजात खोचून ठेवतात. खळग्यात मलम घेतात. डॉक्टरने हातमोजा चढवून वरून मला डाव्या हाताच्या बोटात घातलं, की तिला लागेल ते सगळं तिच्या बोटावरच असतं. बाजूच्या ट्रेकडे बघायला मान वळवावी लागत नाही. नजर पेशंटवरून हलत नाही. मित्रांनो, माझं सगळं काम एवढंच आहे. कुणाची तरी नजर हलू नये म्हणून मी आहे.

आमच्या डॉक्टरकडे मी हातमोज्यांच्या मोठ्या खोक्याबरोबर फुकट आले. डॉक्टर तेव्हा अगदी नवीन होती, खुर्चीचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"हिचं काय करू?" तिने विक्रेत्याला विचारलं.

"बोटात घाला, मॅडम."

"आणि?"

"आणि काय, एकदा घातलीत की जन्मभर काढणार नाही."

विक्रेते असंच बोलतात. हा चुकून खरं बोलला होता.

तसं मला प्रत्येक पेशंटनंतर काढायचे, ते सोडा. माझा स्पंज कचऱ्यात जायचा आणि मी वाफेच्या यंत्रात. तिथे इतकं उकडतं की एकही जंतू जिवंत राहत नाही. माझ्या आठवणी कशा जिवंत राहिल्या हे शास्त्राला विचारा.

आता मी प्रसिद्ध कशी झाले ते सांगते. एकदा दोन वेण्यांची एक मुलगी दाढ दाखवायला आली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "दुखेल?"

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाली.

दुखलं. मुलगी डॉक्टरच्या अंगठ्याला चावली. दवाखाना दातांचाच असल्यामुळे चावा व्यवस्थित बसला.

त्या दिवसापासून डॉक्टरने ठरवलं, पेशंटशी खोटं बोलायचं नाही. पण समोर एवढंसं तोंड करून बसलेल्या मुलाला खरं सांगायला तिची जीभ रेटेना. मग पुढच्या मुलाने "दुखेल का?" विचारलं, तेव्हा ती गडबडली, डावा हात कानाशी नेला आणि मलाच म्हणाली, "काय गं, दुखेल का?"

मी गप्प. मी पोलाद आहे.

"ती म्हणते," डॉक्टर म्हणाली, "सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं होईल. मग गाल झोपी जाईल. मग काही कळणार नाही."

अगदी तसंच झालं. जाताना मुलाने मला थँक्यू म्हटलं. डॉक्टरला नाही.

बघता बघता ही दवाखान्याची रीतच झाली. मुलं विचारायची, मग मुलांचे आईबाप विचारायला लागले. एक निवृत्त न्यायाधीश आले होते. डॉक्टरने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं, तर म्हणाले, "तुमचं म्हणणं झालं. आता अंगठीचं ऐकू या." मी खरं तेच सांगते, असा माझा गावभर लौकिक झाला. मी आयुष्यात एक शब्दही बोललेली नव्हते. बहुतेक म्हणूनच झाला असेल.

अशी वर्षं गेली. डॉक्टरचे केस पांढरे झाले आणि बोटांचे सांधे सुजायला लागले. हातमोजा घातला की मी सांध्यापाशी अडायची. ती माझी पट्टी थोडी ताणायची, पुन्हा थोडी ताणायची. शेवटी मी अंगठी कमी आणि घोड्याची नाल जास्त दिसायला लागले. मग एक दिवस तिने मला पुसलं, उजेडात धरून पाहिलं आणि खुर्चीशेजारच्या खणात ठेवलं.

खणात एक प्लास्टिकचा जबडा होता. तो कायम हसत असे. सुरुवातीला मला वाटलं, स्वभाव चांगला आहे. आठवडाभरात कळलं, त्याला दुसरं काही येतच नाही.

तोवर दवाखान्यात डॉक्टरची सून आली होती. तीही दातांचीच डॉक्टर. घर वरच्या मजल्यावर, दवाखाना खाली. दोघींनी आपसांत एक नियम केला होता. वर "आई" आणि "अगं". खाली "मॅडम" आणि "डॉक्टर". जिन्यात कुणी कुणाला हाकच मारायची नाही, कारण जिना कुठल्या खात्यात येतो हे ठरलं नव्हतं.

सुनेचा हात हलका होता. पण तिला ट्रेची सवय होती. सगळी हत्यारं ओळीत, एकसारख्या अंतरावर, शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी. अंगठी तिला लागत नसे. मी खणाच्या फटीतून बघायची. राग नव्हता. थोडा होता.

आणि मग ती दुपार आली. पेशंट संपले होते, सून जेवायला वर गेली होती. डॉक्टरने दार लोटून घेतलं आणि स्वतःच पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. एका हातात तोंडात घालायचा आरसा, दुसऱ्या हातात पावडर लावायचा आरसा, आणि मोबाइलचा दिवा हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दाबून धरलेला. स्वतःची दाढ स्वतःच तपासायचा तिचा बेत होता. डावीकडची खालची. कितीतरी दिवस ती गालावर हात ठेवून पेशंटना "दुखणं अंगावर काढू नका" असं सांगत होती, ते मी पाहिलं होतं. आरसा लागताच ती कळवळली. मोबाइल खाली पडला.

मग तिने खण उघडला. मी करंगळीतच कशीबशी शिरले. तिने मला कानाशी नेलं आणि हळूच विचारलं, "काय गं, दुखेल का?"

मित्रांनो, मी पोलाद आहे. एरवी माझ्या वतीने बोलणारी तीच होती. आता विचारणारीही तीच, आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. बोलता येत नाही याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं.

"मॅडम? काय करताय?"

"आरसे तपासतेय."

"तोंडात घालून?"

"आरसा तोंडातच घालायचा असतो, डॉक्टर. कॉलेजात शिकवलं नाही?"

सुनेने हात धुतले, मास्क लावला. एक्स-रे काढला. तो पडद्यावर दिसला. दोघींनाही तो वाचता येत होता, हीच अडचण होती.

"मुळापर्यंत गेलंय," सून म्हणाली. "पण दाढ वाचेल. मुळं साफ करू, आजच सुरू करू."

"काढून टाक."

"काढून कशाला? वाचतेय ना."

"माझी दाढ आहे. एका झटक्यात काढ, कटकट मिटव."

"पेशंट असं म्हणाला तर तुम्ही ऐकलं असतं?"

"मी पेशंट नाही. मी सासू आहे."

"खुर्चीत बसलं की पेशंट. दारावर तुम्हीच पाटी लावलीय."

डॉक्टरने पाटीकडे रागाने पाहिलं. मग नजर चुकवून म्हणाली, "मला कधी सुई टोचून घ्यावी लागली नाही गं. एकदाही नाही. सगळ्यांना टोचत राहिले. ते कसं लागतं तेच मला माहीत नाही."

खाली असताना ती "गं" म्हणाली, हे सुनेच्याही लक्षात आलं असावं. तिने स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाली, "एकदा प्रयत्न करू. नकोच वाटलं तर काढून टाकते. शब्द दिला."

अशी ती दाढ पणाला लागली. सुनेने ट्रे ओढला. दुखलं तर डावा हात वर करायचा, हा आमच्याकडचा नियम. सून मलम घ्यायला वळली, डावा हात वर. सून थांबली. कापूस घ्यायला वळली, हात वर. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचाही हात वर्गात इतक्या वेळा वर जात नसेल.

"अजून मी हातसुद्धा लावला नाही, मॅडम!"

"माहीत आहे."

"मग दुखतंय काय?"

डॉक्टर छताकडे बघत राहिली. "तू मान वळवतेस ना," ती म्हणाली, "तेव्हा इथे कुणीच नसतं."

सुनेने तिच्या हाताकडे पाहिलं. करंगळीत मी होते.

पुढचं सगळं माझ्या अंगावर झालं म्हणून सांगू शकते. सुनेने तारा वळवायची पक्कड घेतली आणि माझी ताणलेली पट्टी आत वळवायला घेतली. मी कुरकुरले. जुनं पोलाद आहे, एकदा ताणलं, आता पुन्हा दाबायचं. तुटले असते तर तिथेच तुटले असते. नाही तुटले. मग वाफेचं यंत्र. मी आत उकडत असताना बाहेर त्या दोघी काय बोलल्या, ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा सासूच्या मुठीत सुनेचा रुमाल होता.

नवा स्पंज बसला. कानशी खोचल्या. खळग्यात मलम घेतलं. सुनेने मला बोटात घातलं. तिचं बोट सडसडीत, सवय नसलेलं. मी जरा हलत होते, तीही जरा हलत होती.

"विचार तिला," खुर्चीतून आवाज आला.

"मी? मला नाही येत ते."

"त्यात येण्यासारखं काय आहे? विचार."

सुनेने हात कानाशी नेला. कान लाल झाला होता. "काय गं," ती म्हणाली, "दुखेल का?"

मी गप्प. सून बराच वेळ ऐकत राहिली.

"ती म्हणते, टोचताना दुखेल. मुंगीपेक्षा जास्त, कारण तिथे सूज आहे." सुनेने हात कानाशी तसाच धरला. "आणि ती म्हणते, तिलाही भीती वाटतेय. पण ती कुठे जाणार नाही."

मित्रांनो, मी असं काहीही म्हटलेलं नव्हतं. पण मला विचारलं असतं, तर मी नेमकं हेच म्हटलं असतं.

"बरोबर आहे तिचं," डॉक्टर म्हणाली आणि तोंड उघडलं.

दुखलं. हात वर गेला नाही. नंतर गाल झोपला. दाढेवर रबराचा पडदा ताणून बसवला, तो बसला की बोलता येत नाही. सासू गप्प आणि सून एकटी बोलतेय, असा चमत्कार त्या खोलीत कितीतरी वेळ चालू होता. सून एकेक कानस माझ्यावरून उचलत होती, माझ्याच रेघांवर मोजत होती, पुन्हा खोचत होती. तिने एकदाही मान वळवली नाही. मधेच म्हणाली, "आई, अजून थोडं मोठं उघडा," आणि खाली आई म्हटल्याबद्दल कुणीच कुणाला दुरुस्त केलं नाही. सासूला तर करताच आलं नसतं.

पडदा निघाल्यावर डॉक्टर उठून बसली. अर्धा चेहरा झोपलेला, अर्धा जागा. जाग्या अर्ध्याने ती म्हणाली, "मनगट खाली ठेवत जा. बाकी..." आणि बाकीचं तिने हातानेच सांगितलं, सुनेच्या गालावर.

दाढ वाचली. मी खणातून बाहेर आले. जबड्याने निरोप देताना हसून दाखवलं, पण ते धरू नका.

आता तुम्हाला वाटत असेल, ही शेवटी दात घासायला सांगणार. सांगतेच. घासा. पण मला खरं मागायचंय ते वेगळं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना "काही होणार नाही" असं सांगितलं. त्याच्यावर कधी खुर्चीत बसायची वेळ आली, तर लागेल ते सगळं आधीच हाताशी घेऊन बसा. वळू नका. आणि त्याने विचारलं तर खरं सांगा. स्वतःच्या तोंडून सांगायचं धाडस होत नसेल तर एखाद्या अंगठीचं नाव घ्या. आमची हरकत नसते.

दाढेवर टोपी बसवायला डॉक्टर पुन्हा खुर्चीत बसली, तेव्हा सुनेने मला बोटात घातलं, हात कानाशी नेला आणि थांबली.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाली.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," डॉक्टर म्हणाली, आणि डोळे मिटून आ वासला.

मला जरा वाईटच वाटलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.