कलते शॉकअप

मिरजगावच्या हमरस्त्यावरील त्या गॅरेजात एक रीत होती. गाडी कोणीही दुरुस्त करो, शेवटचा नट बद्रुन्निसा आवळत, आणि त्यांनी आवळलेला नट त्यांच्या परवानगीवाचून कोणी सैल करीत नसे. पती हैदर गेल्यावर तीस वर्षे त्यांनी कांद्याचे टेम्पो याच धाकावर रस्त्याला लावले होते.

नात कैनातची गाडी मात्र हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी होती. रविवारी कर्जतला शर्यत होती. पहिल्या येणाऱ्याला पुण्याच्या संघात जागा मिळणार होती, जागा एकच. मागच्या चाकांचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपचे वरचे टोक तीन भोकांपैकी कोणत्या भोकात बसवावे, एवढ्यासाठी कैनातने आठ दिवस माळावर गाडी पळवली. अखेर तिने सर्वांत आतले भोक निवडले. दोन्ही शॉकअप चांगलेच कलले.

शेवटचा नट आवळण्यासाठी बद्रुन्निसांनी गाडी हातात घेतली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे शॉकअप झोपा काढतायत का गं?"

"दादी, असं कललं की मागची चाकं माती धरत्यात. बाहेरच्या भोकात उभं केलं की गाडी कडक व्हती, उड्या मारती."

"कडकच हवी. बूड टेकलेली गाडी कधी पळाली आहे?"

"हिच्या पाठीवर वझं कुठं हाय? कांदं थोडंच भरायचं हायत!"

टायर काढत बसलेला जुना मिस्त्री वाल्मिक फसकन हसला. तेवढे पुरे झाले. बद्रुन्निसांनी दोन्ही शॉकअप बाहेरच्या भोकांत ताठ उभे केले आणि नट स्वतःच्या हातांनी करकचून आवळले.

"आता ने."

कर्जतला सरावाच्या फेरीत पहिल्याच वळणावर मागची चाके उडाली आणि गाडी गर्रकन फिरली. पुढच्या वळणावर तर ती उलटीच पडली. शर्यतीपूर्वी दहा मिनिटे मोकळी होती. सगळे आपापल्या गाड्या उघडून बसले. कैनातने पाना काढला आणि आजीकडे पाहिले.

"दादी, खोलू?"

चूक बद्रुन्निसांच्या केव्हाच ध्यानात आली होती. 'खोल' एवढेच म्हणायचे होते. पण सोबत आलेला वाल्मिक शेजारीच उभा होता, आणि या खेपेस तो हसत नव्हता, नुसता पाहत होता.

"तुझाच हात बसलेला नाही," त्या म्हणाल्या. "जपून चालव."

कैनातने पाना डब्यात ठेवला. उरलेली मिनिटे ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

ती सातवी आली. जागा पुणतांब्याच्या सुकन्याला मिळाली. गाडी काखेत धरून सुकन्या समोरून गेली, तेव्हा तिचे कललेले शॉकअप बद्रुन्निसांना स्पष्ट दिसले. त्यांनी पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडताच त्यांनी स्वतः नट सोडवले, शॉकअप आतल्या भोकांत बसवले आणि दाराशी उभ्या असलेल्या नातीपुढे पाना धरला. असा पाना त्यांनी आजवर कोणापुढे धरला नव्हता.

"ये. शेवटचा नट तू आवळ."

"नगं, दादी," कैनात अदबीने म्हणाली. "रीत तुमची हाय. तुमीच आवळा."

आणि ती आत निघून गेली. पाना बराच वेळ तसाच पुढे धरलेला राहिला.