शुक्रवारी चारच्या आत

थापा मारायला मी कधी लाजले नाही. माझ्या वडिलांनी नगरला नुसतं गीत गाऊन बिबट्याला झोपवलं आणि तो मेला तीन दिवस उठलाच नाही, असं मी अख्ख्या मंडळीला सांगितलंय. पण चर्चच्या कागदावर खोटी सही? ती नाही जमली.

माझी नात कृतिका, तिला कॉलेजात ख्रिस्ती कोट्यातून जागा हवी होती. त्याला चर्चचं पत्र लागतं, मुलगी तीन वर्षं नियमित उपासनेला येते म्हणून. आमची मराठी मंडळी म्हणजे दिल्लीतली चाळीस डोकी. हिंदीवाल्यांची उपासना संपली की तासभर हॉल मिळतो. कृतिका तिथे तीन वर्षांत तीनदा आली असेल, तेही नाताळच्या केकसाठी. पाळकसाहेब नवे, म्हणून त्यांनी साक्षीदार म्हणून माझी सही मागितली.

"एक सही यार, आई!" माझा मुलगा मानस म्हणाला. "दिवसभर फेकत असतेस, आज एकदम संत झालीस?"

"माझा बिबट्या कुणाची जागा खात नाही रे."

कारण जागा एकच उरली होती आणि कृतिकाच्या मागे नंबर होता मयुराचा. अरुणा नर्सची पोर ती, बाप नाही. दर रविवारी नोएडाहून दोन मेट्रो बदलून येते आणि गीतांना पेटी वाजवते.

सही केली नाही. काय ऐट वाटली मला स्वतःची! सूनबाई रेवतीने बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मानसने ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने गुडगावच्या एका चर्चमधून पत्र आणलं. तिथे कृतिकाने कधी पाऊलही टाकलेलं नाही. 'नियमित येते', शिक्क्यासकट. यादीत नाव लागलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कुणाची हरकत असल्यास शुक्रवारी चारच्या आत कळवावी. फोन नंबरही होता.

गुरुवारी कृतिका माझ्याशेजारी येऊन बसली.

"आजी, तू फोन नाही ना करणार?"

"मला मेलीला तो नंबर तरी दिसतो का?"

"चष्मा लावलास की दिसतो." ती हसली नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिली.

शुक्रवारी घरात मी एकटी. दोन वाजता चष्मा लावला. अडीचला नंबर पाठ झाला. तीनला पवित्र शास्त्र उघडलं. प्रभू काय म्हणतो ते मला न वाचताही ठाऊक होतं, म्हणून लगेच मिटलं. मग भेंडी चिरायला बसले. आमच्या अख्ख्या मयूर विहार वस्तीला पुरेल एवढी भेंडी चिरली. चार वाजले.

रविवारी पेटीवर कुणी नव्हतं. अरुणा एकटीच आली होती. मला वाटलं, तोंड फिरवेल. ती सरळ माझ्याकडे आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"सलाम आजी. पाळकसाहेबांनी सांगितलं मला. स्वतःची नात असूनही तुम्ही सही केली नाहीत. इथे एक तरी माणूस खरं निघालं."

"मयुरा कुठेय?"

"घरी. म्हणते, आता कशाला यायचं."

गुडगावच्या पत्राचं अजूनही सांगता आलं असतं. अरुणा हात सोडेना, आणि मला ते बरं वाटत होतं.

"प्रभूची इच्छा, बाई," मी म्हणाले. "आपण काय करणार?"