भिंतीपलीकडचं नेट

हिल्का आणि साइमी सख्ख्या बहिणी. फिनलंडमध्ये कुओपिओ गावाच्या पुढे रानात एकाच लाकडी घराच्या दोन भागांत राहायच्या, मध्ये पातळ भिंत. आईचा विणायचा माग कुणी ठेवायचा यावरून बिनसलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. तरी हिल्काकडे नेट होतं ते साइमीचंच. रेंज फक्त साइमीच्या माडीवरच्या खिडकीत यायची, तिचा फोन तिथेच असायचा आणि त्याचं हॉटस्पॉट हिल्काच्या टॅबला मिळायचं. पासवर्ड भांडणाआधीचा, आईच्या गाईचं नाव. "चालूच असतं ते, तिचं काय जातंय?" असं हिल्का म्हणायची. दर रविवारी त्यावर कॅनडातली लेक दिसायची.

शनिवारी सौना, दोघींच्या सामाईक न्हाणीघरातली वाफेची आंघोळ. आधी जाईल तिनं निघताना चुलीत लाकडं घालायची आणि पाइपावर दोनदा ठोकून दुसरीला कळवायचं. ही रीत अबोल्यातही मोडली नव्हती. या शनिवारी साइमीनं हिल्काच्या कठड्यावर गालिचे टाकले आणि हिल्काचं डोकं फिरलं. तिनं लाकडं घातली नाहीत, ठोकलंही नाही.

रविवारी नेट गायब.

"कळलं बरं का," हिल्का भिंतीला ऐकू जाईल असं बोलली. "सौनाचा राग नेटवर काढतेस होय? लेकीचं तोंडसुद्धा बघू देत नाहीस. सत्तरी ओलांडली तरी मेलीची खोड जात नाही."

पलीकडून हूं की चूं नाही. हिल्कानं मग साइमीच्या पायऱ्यांवरचा बर्फही मुद्दाम काढला नाही.

सोमवारी सकाळी साइमीच्या धुराड्यातून धूर नव्हता. बाहेर उणे वीस. पायऱ्यांवर एक पाऊल उमटलेलं नाही. चार वर्षांनी हिल्का त्या दारातून आत गेली. साइमी पलंगावर, थंडगार. डॉक्टर म्हणाले, रविवारी पहाटे झोपेतच गेली. खिडकीतल्या फोनची बॅटरी संपली होती.

संध्याकाळी शेजारच्या कौकोनं तो फोन साइमीच्या माडीवरच्या खिडकीतच चार्जिंगला लावला.

"आता नेट येईल ना?" हिल्कानं विचारलं. लेकीला कळवायचं होतं.

"आपोआप कसं येईल? कुणी वापरत नसलं की बंद पडतं. रोज हातानं लावावं लागतं."

"रोज?"

"रोज."

कौकोनं ते लावून दिलं. तो गेल्यावर हिल्का घरी येऊन टेबलाशी बसून ढसाढसा रडली. शेवटचा शनिवार, आणि तिला ऊन पाणीसुद्धा मिळालं नाही माझ्या हातून, हे तिला राहून राहून आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भिंतीपलीकडे साइमीच्या फोनचा गजर वाजला. हिल्का तिच्या माडीवर गेली. पडद्यावर लिहिलं होतं: हिल्काचं नेट लाव.

टॅबवर नेट नव्हतं. कुठलं बटण दाबायचं ते हिल्काला ठाऊक नव्हतं.